नेवझात उस्ताचा उजवा डोळा

अक्रोड उतरवायचे दिवस आले की आमच्या निकसार गावात सगळ्यांचे हात काळे होतात आणि सगळ्यांची तोंडं येतात. हिरव्या सालीचा डाग महिनाभर जात नाही. ताज्या अक्रोडाने जिभेवर आणि गालाच्या आत जे फोड येतात, त्यांवर काळ्या तुतीचं सरबत चोळायचं आणि गप्प बसायचं. याला आमच्याकडे कुणी आजार म्हणत नाही. एखाद्याचं तोंड आलं नाही तर उलट विचारतात, का रे, यंदा अक्रोड विकत घ्यायची पाळी आली का?

त्या वर्षी याच दिवसांत नेवझातचा उजवा डोळा चौथ्यांदा लाल झाला.

नेवझात दुलया शिवायचा. बाजाराच्या वरच्या अंगाला, जुन्या हमामाच्या भिंतीला लागून त्याचं दुकान. आत एक रुंद लाकडी चौथरा, चौथऱ्यावर पसरलेली साटिनची दुलई आणि दुलईच्या मधोमध मांडी घालून बसलेला तो. लोक त्याला उस्ता म्हणायचे, म्हणजे हातात कसब असलेला माणूस. पूर्वी त्या गल्लीत सात दुलईवाले होते, आता हा एकटा उरला होता. कारखान्यातल्या दुलया आल्या, हलक्या, धुता येणाऱ्या, आणि त्या अंगावर घेतल्या की माणूस घामाघूम होतो, पण लोकांना ते चालतं. तरी मुलीच्या रुखवतात निदान एक हातशिलाईची दुलई हवीच, नाहीतर सासरच्या बायका नाकं मुरडतात. त्या एका दुलईवर नेवझातचं चाललं होतं.

डावा डोळा आठ वर्षांत थोडा थोडा करून गेला होता. उजेड कळायचा, तोंडासमोर हात हलवला तर काहीतरी हललं एवढं कळायचं. म्हणजे सुईत दोरा ओवणं, दाढी करणं, मिनीबसवरची पाटी वाचणं, सगळं उजव्याच्या जिवावर. आणि नेवझात एकटा राहायचा. घरात कुणी असलं तर आंधळा माणूसही कसाबसा निभावून नेतो. याला कोण विचारणार होतं? एकोणचाळिसाव्या वर्षी तो रोज सकाळी उठल्यावर आधी उजवा डोळा उघडून छताच्या तुळया मोजायचा. नऊ. नऊ दिसल्या की मग अंथरूण सोडायचा.

दुखणं यायचं तेही ठरलेल्या रीतीने. आधी उजेड टोचायला लागायचा. मग भुवईच्या मागे ठणका. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक आणि सगळीकडे धूर, चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखा. एकदा आरशाजवळ जाऊन पाहिलं तर बुबुळाच्या तळाशी पांढरा थर बसलेला, कपात साखर साचते तसा. तीन-चार आठवड्यांनी हे सगळं आपोआप उतरायचं, आणि उतरलं की माणसं म्हणायची, बघ, गेलं की नाही! जायचं ते खरं, पण जाताना काहीतरी घेऊन जायचं. डाव्याचं असंच झालं होतं, एकेका वेळेला थोडं थोडं.

त्याची मोठी बहीण हाजेर शेजारच्या गल्लीत राहायची. नवरा वारलेला, मुलं जर्मनीत, त्यामुळे भावाच्या डोळ्यावर तिचाच हक्क. तिने गार केलेल्या काळ्या चहाने डोळा धुवून पाहिला. दृष्ट लागली म्हणून त्याच्या डोक्यावर चादर धरून वितळलेलं शिसं पाण्यात ओतवलं. शिशाचा जो गोळा झाला त्यात तिला एका शेजारणीचं तोंड दिसलं आणि त्या बिचारीशी तिने सहा महिने अबोला धरला.

“आब्ला, त्या बाईने काय केलंय?” नेवझात म्हणाला. मोठ्या बहिणीला आमच्याकडे आब्ला म्हणतात.

“तू गप. तुला एकच डोळा, तो काय बघणार? मला दोन आहेत.”

अशी ही हाजेर. जीव लावणारी, पण तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोरच्याला श्वास घ्यायला जागा नाही. नेवझात मुळातच कमी बोलणारा. काय झालं विचारलं तर म्हणायचा, काही नाही. दुखतंय का? नाही. जेवलास? हो. तिघा भावंडांत मधला भाऊ लहानपणी गेला, तेव्हापासून घरात बोलायचं काम हाजेरने घेतलं आणि गप्प बसायचं याने.

एक गोष्ट मात्र अशी होती, की जिच्याबद्दल हाजेरही बोलायची नाही.

अकरा वर्षांपूर्वी नेवझातला बायको होती. सानिये तिचं नाव, एर्बा गावची मुलगी, अंगाने बारीक आणि हसताना तोंडावर हात धरणारी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नेवझातला नको त्या जागी व्रण आले. खोल, दुखरे, चालणं मुश्किल करणारे. आले, महिन्याने गेले, डाग ठेवून गेले, पुन्हा आले. तो कुणाला सांगेना, सानियेला अंगाला हात लावू देईना. पण एका खोलीत राहणाऱ्या बायकोपासून लपवून लपवणार किती? तिने पाहिलं आणि आईला विचारलं. आईने एका ट्रक ड्रायव्हरच्या बायकोला विचारलं, आणि त्या बाईने छातीठोक सांगितलं की असे व्रण एकाच प्रकारच्या घरी जाणाऱ्या पुरुषांना होतात. नेवझात दर दोन महिन्यांनी साटिन आणायला सामसूनला जायचा, एक रात्र राहायचा. झालं. सगळ्यांना सगळं कळलं.

सानियेने त्याला एकदाच विचारलं. दुकानात येऊन, चौथऱ्याच्या कडेला उभी राहून.

“तू तिकडे जातोस का?”

तो गेला नव्हता. आयुष्यात कधी गेला नव्हता. पण तो प्रश्न ऐकून त्याच्या कानशिलापर्यंत आग गेली. हिने हे विचारावं? हिने? त्याने सुई उचलली आणि टाका घातला, मग दुसरा, मग तिसरा. तो मान वर करेना. ती बराच वेळ उभी राहिली आणि मग गेली. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि तिचं सामान घेऊन गेला, त्यात नेवझातनेच लग्नात शिवलेल्या दोन दुलयाही गेल्या.

पुढे त्याला स्वतःलाच शंका यायला लागली. गेलो नाही खरं, पण मग हे आलं कुठून? हमामाच्या पंच्यातून? कुणाच्या शापातून? ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही ते दुसऱ्याला काय सांगायचं, असं म्हणत त्याने तो विषय मनात पुरून टाकला. दुसरं लग्न करायचं नाव काढलं की तो उठून जायचा. व्रण वर्षातून दोनदा यायचे, तेवढे दिवस तो उभ्यानेच काम करायचा.

तर डोळा. डावा बिघडला तेव्हा तोकातच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, तोंड येतं का? आमच्या मुलखातले डॉक्टर लाल डोळा पाहिला की हे विचारतातच. हाजेर बरोबर होती. ती म्हणाली, डॉक्टर बेय, आम्ही निकसारचे, आमच्याकडे तोंड न येणारा माणूस दाखवा. डॉक्टर हसले. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, आणखी कुठे व्रण? खाली वगैरे? हाजेरने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि म्हणाली, तोबा तोबा, आम्ही अब्रूदार माणसं. नेवझात म्हणाला, नाही. डॉक्टरांनी ‘नाही’ लिहून घेतलं. ते तरी दुसरं काय लिहिणार?

आठ वर्षांनी, गेल्या वसंतात, उजवा लाल झाला तेव्हा दोघं घाबरून थेट सामसूनच्या मोठ्या रुग्णालयात गेली. तिथे डोळ्यांची डॉक्टर तुलाय नावाची, तिशीची, केस आखूड कापलेली, झपझप चालणारी मुलगी. तिनेही तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. अक्रोडाचं उत्तर हाजेरने दिलं. खालच्या प्रश्नाला नेवझात जमिनीकडे बघत म्हणाला, नाही.

“नक्की?”

“माझ्या भावाला तुम्ही समजता काय!” हाजेर म्हणाली.

डॉक्टरणीने थेंब दिले, गोळ्या दिल्या, पांढरा थर उतरला. पण निघताना ती म्हणाली, “उस्ता, डोळा हा आजार नाहीये. आजार आत दुसरीकडे कुठेतरी आहे आणि डोळ्यात येऊन त्रास देतोय. तो सापडला नाही तर मी नुसती आग विझवत बसणार, आणि ती पुन्हा पुन्हा लागणार. काही आठवलं, काहीही, तर सांगा.”

त्याला आठवायची गरज नव्हती. बसमध्ये हाजेर शेजारी घोरत होती आणि तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मुलीच्या वयाच्या नाही तरी धाकट्या बहिणीच्या वयाच्या बाईला हे सांगायचं? आणि सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावर सानियेच्या आईचाच चेहरा उतरला तर?

त्यानंतर पुन्हा दोनदा डोळा आला, दोनदा तो गेला, आणि दोन्ही वेळा नाही म्हणून परत आला. माणूस डोळ्यापेक्षा अब्रू जपतो म्हणून लोक त्याचं कौतुक करतात. मला तरी त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही.

चौथ्या वेळी अक्रोडाचे दिवस होते आणि चौथऱ्यावर गुलाबी साटिनची दुलई होती, सराफाच्या मुलीची. मध्यभागी मोठं सूर्यफूल, भोवती चार कोपऱ्यांत चार मोर. उस्तादी काम. दुलईवाला फूल मधून बाहेर शिवत नेतो, गोल फिरत, आणि शेवटची रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळावी लागते. धुरातून बघत, डोळा मिचकावत त्याने तीन दिवस शिवलं. चौथ्या दिवशी सकाळी धूर जरा विरळ झाला तेव्हा त्याने दुलई भिंतीला टांगली आणि मागे सरून पाहिलं. फुलाची रेघ मिळाली नव्हती. वीतभर अंतर पडलं होतं. एका मोराची मान दुसऱ्याच्या शेपटीत गेली होती.

पंचवीस वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आदल्या दिवशी सराफीणबाई येऊन बघून गेल्या होत्या. त्यांनी पाहिलं असणार. “हातांना आरोग्य लाभो, उस्ता,” एवढंच म्हणून त्या गेल्या होत्या. म्हणजे गावाला कळलं होतं, आणि गाव त्याच्यावर दया करायला लागलं होतं. तो चौथऱ्यावर चढला आणि सगळे टाके उसवायला बसला. उसवताना सुई तीनदा हातात घुसली. संध्याकाळी त्याने हाजेरला सांगितलं, मी उद्या सामसूनला जातोय, तू येऊ नकोस.

“का? कोण बोलणार मग तुझ्याकरता?”

“तुझा गुडघा दुखतोय.”

“माझा गुडघा वीस वर्षं दुखतोय!”

“म्हणूनच,” तो म्हणाला. एवढं लांब उत्तर त्याने तिला बऱ्याच वर्षांत दिलं नव्हतं, त्यामुळे ती गप्प झाली.

तुलाय डॉक्टरणीने यंत्रावर त्याची हनुवटी टेकवली, दिवा लावला, बराच वेळ पाहिलं. यंत्र बाजूला सारताना तिची नजर त्याच्या हातावर गेली. अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटावर लाल गोल, मध्ये पांढरी टोकं.

“हे काय?”

“सुई. धंदा आहे आमचा.”

“सुई टोचली की असं होतं? नेहमी?”

“पहिल्यापासून. माझे उस्ता, इहसान उस्ता, म्हणायचे, तुझ्या मांसाला सुई मानवत नाही, तू न्हावी हो. दुसऱ्या दिवशी पिकतं, चार दिवसांत सुकतं. दुलईवाल्यांना होतंच.”

“बाकीच्या दुलईवाल्यांना होतं?”

नेवझातने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. त्याने आयुष्यात हे कुणाला विचारलं नव्हतं. इहसान उस्ताचे हात त्याला आठवले, म्हातारे, घट्टे पडलेले, हजारो वेळा टोचलेले. त्यांवर एकही पांढरं टोक त्याने पाहिलं नव्हतं.

डॉक्टरणीने एक नवी कोरी सुई मागवली आणि त्याच्या कोपराखाली तीन ठिकाणी टोचली. “परवा या. काही लावू नका, खाजवू नका.”

“परवा काय होणार ते मी आत्ताच सांगतो.”

“सांगू नका. मला बघायचंय.”

दोन दिवस तो सामसूनमध्ये राहिला. बसस्टँडजवळच्या एका खानावळीत मसुराचं सार आणि पाव खायचा आणि समुद्राच्या कडेने चालायचा. डोळ्यात थेंब घातलेले, त्यामुळे उजेड सोसवेना. टोपी नाकापर्यंत ओढून तो बाकावर बसायचा. समोरून नवरा-बायको जायचे, सूर्यफुलाच्या बिया सोलत, भांडत. याच शहरात तो रात्री राहायचा म्हणून त्याचा संसार मोडला होता. तेव्हा तो काय करायचा? संध्याकाळी साटिनचा गठ्ठा उशाशी ठेवून झोपायचा, चोरीला जाऊ नये म्हणून. हे जर त्याने सानियेला सांगितलं असतं तर ती हसली असती, तोंडावर हात धरून. त्याला एकदम रडू आलं, आणि रडल्याने डोळा आणखी चुरचुरला.

तिसऱ्या दिवशी बाही वर केली. तीन टोचे, तीन पांढरी टोकं. डॉक्टरणीने त्यांवरून बोट फिरवलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“उस्ता, मी आता चौथ्यांदा विचारणार आहे. तुमची बहीण इथे नाही. मी बाई आहे म्हणून अडचण वाटत असेल तर पुरुष डॉक्टर बोलावते, मला राग येणार नाही. पण आज खोटं बोललात तर उजवा डोळा जाईल. डाव्यासारखाच. दोन वर्षांत, कदाचित एका.”

भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा काटा नेवझातला दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली.

“आहेत,” तो म्हणाला.

“व्रण?”

“हो. येतात, जातात. डाग राहतात. बारा वर्षं.” मग घाईघाईने, “पण डॉक्टर हानम, मी कुठे गेलो नव्हतो. आईशप्पथ. मी कुठेही गेलो नव्हतो.”

डॉक्टरणीच्या चेहऱ्यावर कुणाच्याही आईचा चेहरा उतरला नाही. तिने ते लिहून घेतलं, जसं तोंड येणं लिहिलं होतं, तसंच.

“कुठे जायचा संबंधच काय?” ती म्हणाली. “हे कुणाकडून येत नाही, कुणाला लागत नाही. याला बेहचेत म्हणतात, आपल्याच एका डॉक्टरचं नाव. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. तोंडात फोड, खाली व्रण, डोळ्यात सूज, आणि सुई टोचली की पू. चारही एकच आहेत, उस्ता. यातली एक गोष्ट तुम्ही अक्रोडावर घातलीत, एक धंद्यावर, आणि एक…” ती थांबली. “एक सांगितलीच नाहीत.”

“कुणाकडे जाऊन होत नाही?”

“नाही.”

“हे लिहून द्याल?”

तिला कळेना, हा औषध विचारायचं सोडून हे काय मागतोय. पण तिने लिहून दिलं, सही करून, शिक्का मारून. मग गोळ्या समजावल्या. रोज घ्यायच्या, वर्षानुवर्षं, बरं वाटलं तरी. दर महिन्याला रक्त तपासायचं. उजवा बहुधा वाचेल.

“आणि डावा? आठ वर्षांपूर्वी मी हो म्हटलं असतं तर?”

तिने चष्मा काढून पुसला. “कदाचित वाचला असता,” ती म्हणाली. निदान खोटं तरी बोलली नाही.

निकसारला परतताना वाटेत एर्बा लागतं. शंभर वेळा तो तिथून गेला होता आणि शंभर वेळा त्याने दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघितलं होतं. त्या दिवशी तो उतरला. सानिये कुठे राहते ते त्याला माहीत होतं. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, नवरा बेकरीवाला, मुलं दोन. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्याकडे अशी गोष्ट न सांगता कळते.

फाटक उघडं होतं. अंगणात लाल मिरच्यांचा डोंगर, मोठ्या परातींमध्ये वाटलेल्या मिरचीचा लगदा उन्हात वाळायला घातलेला, सगळीकडे तिखट वास. भिंतीच्या सावलीत एक म्हातारी जपमाळ ओढत बसली होती, आणि परातीशी उकिडवी बसून, कोपरापर्यंत लाल हातांनी लगदा पसरत होती ती. अंगाने भरली होती. तिने वर पाहिलं आणि हात परातीतच थांबले.

“आत्या, हे निकसारचे दुलईवाले,” ती सासूला म्हणाली. खोटं नव्हतंच ते.

“बस, पोरा,” म्हातारी म्हणाली. “डोळा काय झालाय?”

तो बसला नाही. फाटकाजवळच उभा राहिला आणि खिशातून कागद काढला.

“सानिये हानम, हे वाचा.” परक्या बाईला म्हणतात तसं तो तिला हानम म्हणाला.

“माझे हात बघा,” ती म्हणाली. “तुम्हीच वाचा.”

त्याने कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. सकाळीच थेंब घातलेले. पांढऱ्यावर काळं काहीतरी सळसळत होतं, अक्षर एकही लागेना. घामाने शिक्का बोटांना लागला. शेवटी त्याने कागद घडी करून परत खिशात घातला आणि म्हातारी ऐकत असताना, फाटकावर हात ठेवून, तोंडानेच सांगितलं.

“आजार आहे. रक्तातला. डोळा गेला तोही त्यानेच. ते व्रणही त्याचेच. कुणाकडून येत नाही. मी तिकडे गेलो नव्हतो. कधीच नाही.”

म्हातारीची जपमाळ थांबली होती. सानियेने मान हलवली.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“माझ्या जावेचा भाऊ. त्याला हेच आहे. डोळे, तोंड, सगळं. लग्न होऊन मी इथे आले त्याच वर्षी कळलं. त्याची बायको त्याला घेऊन दवाखान्यांत फिरायची. मी तिला विचारलं, तिने सगळं सांगितलं.”

“नऊ वर्षं तुला माहीत आहे?”

“मग काय करायचं होतं मी? पत्र लिहायचं होतं? पहिल्या नवऱ्याला, या घरातून?”

एक मांजर परातीपाशी आलं, वास घेऊन शिंकलं आणि पळालं.

“मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. आता ती अहो-जाहो विसरली होती. “दुकानात येऊन विचारलं होतं. आईने सांगितलं म्हणून नव्हे. तू नाही म्हणशील म्हणून. एवढंच ऐकायचं होतं मला, नाही म्हणून. मी ते मानलं असतं रे. डाग बघूनही मानलं असतं. दोन दिवस वाट बघितली. तू शिवत बसलास.”

“मला राग आला होता.”

“दिसत होता.”

“लाज वाटली. तू विचारलंस याची.”

“मग तसं म्हणायचं ना!” तिचा आवाज चढला आणि फाटला. “शिव्या द्यायच्या! माझ्या आईला शिव्या द्यायच्या! काहीतरी बोलायचं!”

म्हातारीने काठी टेकली, उठली आणि काही न बोलता आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना कधी उठायचं ते कळतं.

नेवझातला म्हणायचं होतं की डॉक्टरांना चारदा नाही म्हणालो, जिथे हो म्हणायचं होतं, आणि तुला एकदाही नाही म्हणालो नाही. म्हणायचं होतं की त्यात एक डोळा गेला आणि तू गेलीस. पण त्याने फाटकाची कडी नुसती वर-खाली केली. अकरा वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला एका दुपारी एवढंच जमतं.

“दुखतो का?” तिने विचारलं. “डोळा?”

“दुखतो,” तो म्हणाला. “फार दुखतो, सानिये.”

हे ऐकल्यावर तिला रडू फुटलं. आवाज न करता ती रडत होती, परातीशी उकिडवी, आणि पाणी गालांवरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून ओढणीवर उतरत होतं. तोंडावर न्यायला उचललेला हात तिने अर्ध्यावरच थांबवला. कोपरापर्यंत मिरची होती, डोळ्यांना लावणार कशी? ती तशीच हात पुढे धरून बसून राहिली. नेवझातच्या खिशात स्वच्छ रुमाल होता, डॉक्टरणीने थेंब टिपायला दिलेला. तो चार पावलांवर उभा होता. पुसायला त्याने पुढे व्हावं असं आता त्या दोघांत काही राहिलं नव्हतं, म्हणून तो तिथेच उभा राहून, दिसेल तेवढं, तिला रडताना बघत राहिला.